सरावानंतरचा पहिला घास : विद्यार्थी-खेळाडूंना चांगल्या खाण्याकडे कसं वळवायचं

सराव संपल्यावर पुढच्या पंधरा मिनिटांत काय होतं, ते एकदा बाजूला उभं राहून बघा. बुटांच्या नाड्या सुटतात, बॅगा खांद्यावर चढतात आणि मुलं जे खाणं सगळ्यात जवळ असेल तिकडे वळतात. हातात गोड पेयाची बाटली, सोबत वेफर्सचं नाहीतर क्रीमच्या बिस्किटांचं पाकीट. याच मुलांनी आहारावरचं व्याख्यान ऐकलेलं असतं, प्रथिनं कशात असतात ते त्यांना तोंडपाठ असतं. त्यामुळे आणखी एक व्याख्यान ठेवून काही साधत नाही. दमलेल्या, घामेजलेल्या, मित्रांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या मुलाने नेमका त्याच क्षणी शहाणा निर्णय घ्यावा अशी आपण अपेक्षा धरतो, तिथेच गडबड आहे.

हा लेख प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, मेस किंवा कॅन्टीन चालवणारे आणि पालक यांच्यासाठी आहे. बंदी न घालता, न रागावता, फक्त निवडीची वेळ, जागा आणि मांडणी बदलून मुलांना वळण कसं लावायचं, ते यात आहे. वर्तन-अर्थशास्त्रात या पद्धतीला ‘नज’, म्हणजे हलकेच दिलेला धक्का, म्हणतात. रिचर्ड थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हापासून हा शब्द बराच फिरतो आहे. त्यातली अट मात्र अनेकजण सोयीने विसरतात : निवडीचं स्वातंत्र्य शाबूत राहिलं पाहिजे. ज्याला वेफर्सच खायचे आहेत त्याला ते खाता आले पाहिजेत. त्यासाठी चार पावलं जास्त चालावी लागली, तर हरकत नाही.

## व्यायामानंतर भूक सरळ वागत नाही

जोरदार व्यायाम झाला की लगेच कडकडून भूक लागते, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा उलटंच होतं. तीव्र व्यायामात भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक काही काळ खाली येतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं वाढतात. त्यामुळे अर्धा-पाऊण तास मुलाला खाण्याची इच्छाच नसते, उन्हातला सराव असेल तर अजिबातच नाही. “आत्ता नको, नंतर बघू,” असं तो म्हणतो. मग दीड-दोन तासांनी भूक एकदम उसळते आणि त्या वेळी समोर जे असेल ते संपतं. पोहणाऱ्यांचं वेगळं असतं. थंड पाण्यात व्यायाम झाला तर भूक जास्त लागते, म्हणून त्यांचं खाणं तलावाच्या दाराशीच हवं.

दुसरी भानगड मनाची. घाम गाळला की आपलं काहीतरी येणं लागतं, असं वाटतं. “आज एवढं पळालो, आता काय हरकत आहे?” अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यायामाला आलेल्या लोकांसमोर तीन पर्याय ठेवले : सफरचंद, ब्राउनी, किंवा काहीच नको. काहींना व्यायामाआधी विचारलं, काहींना नंतर. आधी विचारलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी सफरचंद मागितलं. नंतर विचारलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या थोडं वर येऊन थांबलं. ब्राउनी मागणारे वाढले आणि काहीच नको म्हणणारे तर जवळपास दुप्पट झाले. बक्षिसाची ओढ आणि मेलेली भूक, दोन्ही त्या एकाच प्रयोगात दिसतात.

त्याच्या वीस वर्षं आधी, १९९८ मध्ये, ॲमस्टरडॅममधल्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पुढच्या आठवड्यात काय खाल, असं विचारल्यावर साधारण निम्म्या लोकांनी आरोग्याला बरा पर्याय सांगितला. प्रत्यक्ष तो दिवस आला, पुन्हा विचारलं, तेव्हा बहुतेकांनी गोड-तेलकट उचललं. दूरची निवड करताना माणूस विचार करतो आणि हातातली करताना जीभ करते.

खेळाडूंच्या बाबतीत यातून एकच काम निघतं. निवड सरावाच्या आधी झाली पाहिजे आणि घास सराव संपल्या संपल्या पोटात गेला पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच्यासाठीच आहेत.

## पायरी १ : काय आणि किती, ते तुम्ही आधी नक्की करा

मुलांना वळवायचं ते कशाकडे, हे ठरलं नसेल तर बाकी सगळं वाया. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन आणि अमेरिका-कॅनडातल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये मिळून काढलेल्या निवेदनात व्यायामानंतरच्या खाण्याचे आकडे आहेत. व्यायाम झाल्यावर पहिल्या दोन तासांत शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम प्रथिनं. पुढचं सत्र काही तासांतच असेल, तर पहिले चार तास दर तासाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं. घामावाटे गेलेल्या दर लिटर पाण्यासाठी सव्वा ते दीड लिटर द्रव, तोही हळूहळू. हे आकडे मुख्यतः प्रौढ खेळाडूंवरच्या अभ्यासातून आलेले आहेत. वाढीच्या वयातल्या मुलांसाठी ते दिशा म्हणून घ्या, तराजू लावून बसू नका.

६० किलो वजनाच्या खेळाडूला म्हणजे साधारण १५ ते १८ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ताटात याचा अर्थ असा : दोन मध्यम केळी, एक ग्लास दूध आणि एक उकडलेलं अंडं. केळ्यांतून ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात, पाव लिटर दुधातून सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं आणि १२ ग्रॅम कर्बोदकं, अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिनं. हिशेब जुळतो. अंडं चालत नसेल तर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे त्याची जागा घेतात. दूध पचत नसेल तर सोया दूध चालतं, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात. दही आणि फळ, अंडं घातलेलं सँडविच, उकडलेला बटाटा आणि दही हेही चांगले पर्याय. प्रथिनांची पावडर या यादीत मी मुद्दाम घातलेली नाही. साध्या अन्नाने भागत असताना शाळकरी वयात तिची गरज नाही. शिवाय पावडरीत बंदी असलेला पदार्थ मिसळलेला निघाला, तर उत्तेजक चाचणीच्या नियमांत जबाबदारी खेळाडूवरच येते.

घाई कुणाला आहे, तेही पाहा. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या कर्बोदकांचा, साठा तासाला सुमारे पाच टक्के इतक्याच वेगाने भरतो. पूर्ण रिकामा झाला असेल तर नीट खाऊनही जवळजवळ दिवस लागतो. सकाळी सराव आणि संध्याकाळी पुन्हा सराव असणाऱ्या मुलाला पहिले दोन तास वाया घालवणं परवडत नाही. आठवड्यातून तीनदा तासभर खेळणाऱ्याला एवढी घाई नाही, त्याचं पुढचं जेवण वेळेवर झालं तरी पुरतं. त्याच्या बाबतीत सरावानंतरच्या घासाचा खरा उपयोग असा, की दोन तासांनी उसळणारी भूक आवरली जाते. सगळ्या संघाला एकच नियम लावू नका.

## पायरी २ : निवड सरावाआधी करून घ्या

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि खर्च जवळजवळ काही नाही.

हजेरीच्या कागदावर एक रकाना वाढवा. नावापुढे हजेरीची खूण, तिच्यापुढे आज सरावानंतर काय घेणार त्याची खूण. पर्याय तीनच ठेवा आणि तिन्ही तुम्हाला चालतील असेच ठेवा : केळी-दूध, दह्याचं पेय आणि फळ, अंड्याचं सँडविच. मुलं मैदानावर येतात तेव्हा ताजी असतात, पोटात थोडंफार असतं, घाई नसते. दहा सेकंदांत खूण करून ती वॉर्म-अपला जातात. प्रश्न कसा विचारता याला महत्त्व आहे. “खाणार का?” असं विचारलं की उत्तर ‘नको’ येऊ शकतं. “दूध की दही?” असं विचारलं की निवड त्या दोहोंत होते.

ज्यांना रोजचा कागद जमणार नाही त्यांनी आठवड्याची मागणी एकदम लिहून घ्यावी. माझ्या मते हे जास्त चांगलं, कारण स्वयंपाकघराला आकडा आधी कळतो आणि नासाडी कमी होते. मोठ्या संघात डब्यावर किंवा पिशवीवर नाव लिहा. नाव लिहिलेली वस्तू आपली वाटते, ती मागे सोडून जाणं जड जातं. आयत्या वेळी मुलाला बदल हवा असेल तर देऊन टाका, वाद घालू नका. फक्त बदललेला पर्याय मैदानावर नको, कॅन्टीनमध्ये जाऊन घ्यायचा असू द्या.

जी मुलं सराव संपवून एकटी घरी जातात त्यांच्यासाठी जर-तरची योजना. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलेली ही साधी युक्ती : ‘मी चांगलं खाईन’ असा संकल्प नको, ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं वाक्य हवं. “शेवटची शिट्टी झाली की बूट काढायच्या आधी बॅगेतलं केळं खाईन.” हे वाक्य मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावं. तुम्ही छापून वाटलंत तर तो आणखी एक कागद होतो. पालकांनी डबा आदल्या रात्री मुलाकडूनच भरून घ्यावा. रात्री जेवण झाल्यावर भरलेला डबा हीसुद्धा आधी केलेली निवडच असते. बॅगेत तो वर ठेवा. तळाशी घातलेलं केळं घरी परत येतं, आणि कोणत्या अवस्थेत येतं ते सांगायला नको.

## पायरी ३ : खाणं मैदानावर आणा

सराव संपण्याची जागा आणि खाण्याची जागा यांत जितकं अंतर, तितका धोका. म्हणून खाण्याचं क्रेट तिथेच ठेवा जिथे शेवटचं स्ट्रेचिंग होतं. संघ गोल करून बसलेला असतानाच वाटप होऊ द्या आणि प्रशिक्षकाचं दिवसाचं बोलणं त्या दहा मिनिटांतच उरका. मुलं तशीही बसलेली असतात. हातात काही आलं की खाल्लं जातं.

भूक मेलेली असते, म्हणून घट्ट-कोरड्या पदार्थांपेक्षा थंड आणि पातळ पदार्थ सहज जातात. आधी पाणी, मग थंड दूध किंवा दह्याचं पेय, मग फळ, असा क्रम ठेवा. अख्खं संत्रं सोलायला लागतं म्हणून मागे राहतं, फोडी केलेलं जातं. सफरचंदाचंही तेच. चमचा लागेल असं काही मैदानावर आणू नका. हात धुवायला पाणी आणि साबण क्रेटच्या आधी येईल असं ठेवा, नाहीतर धुळीच्या हातांनी खाणं होतं किंवा हात धुवायला गेलेली मुलं परस्पर निघून जातात.

दूध, दही, अंडी थंड पेटीत हवीत. साधा नियम : असे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. क्रेट सरावाच्या सुरुवातीला आणून उन्हात ठेवणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे, ती टाळा. शेंगदाणे किंवा सुकामेवा वाटण्याआधी कुणाला त्याची ॲलर्जी आहे का ते लेखी विचारून ठेवा. यात ढिलाई नको.

पैसे नसतील तर? सगळं संस्थेनेच दिलं पाहिजे असं नाही. मुलांनी डबे घरून आणायचे आणि ते शेवटच्या गोलात सगळ्यांनी मिळून उघडायचे, एवढं केलं तरी वेळ आणि जागा हे दोन्ही साधतं. ज्याच्या घरून डबा येत नाही त्याचा विचार मात्र आधी करून ठेवा. दोन-चार जास्तीच्या पिशव्या क्रेटमध्ये कायम असाव्यात आणि त्या कुणी घेतल्या, याची चर्चा होऊ नये.

## पायरी ४ : न मागता जे येतं ते चांगलं असू द्या

माणसं समोर आलेली गोष्ट सहसा बदलत नाहीत. डिस्नेने अमेरिकेतल्या आपल्या थीम पार्कमध्ये २००६ मध्ये मुलांच्या जेवणासोबत आपोआप येणारे पदार्थ बदलले. तळलेल्या बटाट्यांऐवजी फळं-भाज्या आणि सोड्याऐवजी कमी स्निग्धांशाचं दूध, रस किंवा पाणी. जुना पर्याय मागितला की मिळत होताच. पुढे आकडे तपासले तेव्हा दिसलं, की जवळपास निम्म्यांनी नवे जोडपदार्थ आणि दोन तृतीयांशांनी नवं पेय तसंच राहू दिलं. तेही सहलीला आलेल्या, लाड करून घ्यायच्या मनःस्थितीतल्या कुटुंबांनी.

हेच आपल्याकडे करायचं. कागदावर ज्याने खूण केली नाही त्याच्या नावावर केळी-दूध आपोआप लागू. मेसमध्ये खेळाडूच्या ताटात दही आणि फळ आधीच वाढलेलं असावं, नको असेल तर परत ठेवावं. सामन्याच्या दिवशी बाहेरून मागवणार असाल, तर पेयाच्या जागी पाणी लिहून द्या, ज्याला दुसरं हवं तो सांगेल. एक सावधगिरी : आपोआप येणारी गोष्ट बेचव असेल तर मुलं आठवड्यात शिकतात आणि नाकारायला लागतात. डाग पडलेली केळी आणि कोमट दूध ठेवून ‘मुलांना चांगलं आवडतच नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत.

## पायरी ५ : कॅन्टीनची मांडणी

कॅन्टीन तुमच्या ताब्यात नसेल तर चालकाशी बोला. त्याची विक्री बुडवायची नाही, बदलायची आहे, हे त्याला आधी पटू द्या. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१० मध्ये आपल्या कॅफेटेरियात आधी लाल-पिवळी-हिरवी लेबलं लावली. मग मांडणी बदलली, पाण्याच्या बाटल्या टोपल्यांत भरून खाण्याच्या काउंटरजवळ ठेवल्या. पाण्याची विक्री सुमारे एक चतुर्थांशाने वाढली. पाणी तेच, बाटली तीच, फक्त हाताजवळ आली.

दारातून आत आल्यावर नजर पहिल्यांदा कुठे जाते तिथे फळं. फ्रिजच्या डोळ्यासमोरच्या खणात दूध, ताक, पाणी, आणि गोड पेयं खालच्या खणात. पैसे देण्याच्या जागी चॉकलेटऐवजी केळी आणि सुकामेव्याच्या पुड्या, कारण रांगेत उभं असताना हात रिकामे असतात. सराव सुटण्याच्या वेळी चांगल्या पदार्थांची वेगळी, झटपट रांग ठेवता आली तर उत्तमच. घाईतल्या मुलासाठी वेळ हीच किंमत असते. वेफर्स काढून टाकू नका, काउंटरच्या मागे ठेवा, मागितले की द्या. लहान पाकिटं ठेवलीत तर आणखी बरं.

लेबलांवर फार भिस्त ठेवू नका. अशा अनेक प्रयोगांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं, की माहिती देणारे उपाय सगळ्यात कमी परिणाम करतात. पदार्थ हाताशी आणणं आणि वाढणीचं प्रमाण बदलणं यांचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. पोस्टर लावायला सोपं असतं म्हणून आपण पोस्टर लावतो.

## पायरी ६ : बोलणं

‘पौष्टिक’ हा शब्द पाटीवरून काढून टाका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कॅफेटेरियात २०१६ मध्ये त्याच भाज्या, तशाच शिजवून, वेगवेगळ्या नावांनी ठेवल्या होत्या. चटकदार, तोंडाला पाणी सुटेल अशी नावं दिली तेव्हा साध्या नावापेक्षा २५ टक्के जास्त लोकांनी त्या घेतल्या. ‘कमी अमुक, विना तमुक’ अशा आरोग्याच्या नावांशी तुलना केली तर ४१ टक्के जास्त. मुलांनाच नावं ठेवू द्या. केळी-दुधाला संघाच्या कप्तानाने दिलेलं चमत्कारिक नाव तुमच्या कुठल्याही घोषवाक्यापेक्षा जास्त चालेल.

किशोरवयीन मुलांशी बोलताना आणखी एक बाजू लक्षात ठेवा. त्यांना ‘तुझ्या भल्यासाठी’ हे कारण सहसा पटत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आठवीच्या मुलांना आरोग्याचे धडे देण्याऐवजी एक वेगळी गोष्ट सांगितली गेली : खाद्यकंपन्या चटक लागेल असे पदार्थ कसे घडवतात आणि मुलांना जाहिरातींतून कसं गाठतात. दुसऱ्या दिवशी खाऊ निवडताना या मुलांनी साखरेचे पदार्थ कमी घेतले. आपल्याला कुणी बनवतंय हे त्या वयाला सहन होत नाही. खेळाडूंच्या बाबतीत याच्या जोडीला कामगिरीची भाषा वापरा : उद्याच्या सरावात पाय जड लागणार नाहीत, शेवटच्या दहा मिनिटांत वेग टिकेल. वीस वर्षांनी येणाऱ्या आजारांची गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलाला सांगण्यात अर्थ नाही.

हो, आणि प्रशिक्षक स्वतः गोलाबाहेर उभा राहून गोड पेय पीत असेल, तर वरच्या सहाही पायऱ्या विसरा. आधी कप्तान आणि संघातली मोठी मुलं क्रेटकडे जाऊ द्या. बारकी पोरं त्यांच्याकडे बघत असतात.

## पेयांबद्दल वेगळं

तासाभराच्या आतल्या साध्या सरावाला पाणी पुरतं. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साधारण ६ ते ८ टक्के कर्बोदकं असतात, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत निदान ३० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी यावेत. २००० किलोकॅलरीच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते. एका बाटलीत निम्म्याहून जास्त संपली. लांब पल्ल्याच्या, उन्हातल्या, दिवसातून दोनदा होणाऱ्या सरावात या पेयांना जागा आहे, रोज नाही. एनर्जी ड्रिंकची गोष्टच निराळी. त्यात कॅफिनसारखे उत्तेजक पदार्थ असतात आणि मुलांच्या-किशोरांच्या आहारात त्यांना स्थान नाही, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०११ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. इथे मी नजच्या भाषेत बोलणार नाही : संस्थेच्या आवारात ती विकूच नयेत.

किती पाणी गेलं ते कळण्यासाठी सरावाआधी आणि नंतर वजन करायला सांगतात. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, पण शाळा-कॉलेजच्या संघात सगळ्यांसमोर वजनकाटा मी ठेवणार नाही. लघवीचा रंग फिकट आहे का, एवढं मुलाने स्वतः पाहिलं तरी भागतं.

## सामना आणि प्रवास

घरच्या मैदानावर बसवलेली घडी बाहेरगावी मोडते. एक पिशवी तयार ठेवा : केळी, सुकामेवा, ब्रेड, पिनट बटर, न फोडता बाहेर टिकणाऱ्या पॅकमधलं दूध. बस सुटण्याआधी वाटप करा, बस जेवायला थांबेपर्यंत वाट पाहू नका. जिंकल्यावर संघ केक कापणार असेल तर कापू द्या. जल्लोषाच्या दिवशी आहाराची आठवण करून देणारा माणूस बाकीचे दिवसही गमावतो. मात्र गोळाबेरीज अशी होऊ नये की जिंकलं की गोड आणि हरलं की काही नाही. खाणं हे बक्षीस किंवा शिक्षा झालं की सगळी मेहनत उलटते.

## इथे थांबा

विद्यार्थी-खेळाडूंच्या बाबतीत जास्त खाण्यापेक्षा कमी खाण्याचा धोका अनेकदा मोठा असतो आणि तो दिसत नाही. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं सतत कमी पडलं, की हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती, मनःस्थिती या सगळ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव दिलं आणि २०२३ मध्ये त्यावरचं मार्गदर्शन अद्ययावत केलं. ती मुलींत होते तशी मुलांतही होते. मासिक पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, हाडांना पुन्हा पुन्हा बारीक तडे जाणं, न जाणारा थकवा, सारखं आजारी पडणं, चारचौघांत खायला टाळणं, यांतलं काही दिसलं तर क्रेट आणि रकाने बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे पाठवा.

म्हणून काही गोष्टी करायच्याच नाहीत. कॅलरींचे आकडे लावायचे नाहीत. ‘हे जिरवायला किती पळावं लागेल’ अशा पाट्या लावायच्या नाहीत. कुणाच्या शरीरावर शेरा मारायचा नाही, कौतुकाचासुद्धा नाही. ‘चांगलं खाणं’ आणि ‘वाईट खाणं’ अशी विभागणी मुलांपुढे करू नका. काय खाऊ नये यापेक्षा काय हातात द्यायचं, यावरच लक्ष ठेवा.

## फरक पडतोय का, ते बघायचं कसं

या विषयातल्या चमत्कारांच्या कथांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कॅन्टीनमधल्या युक्त्यांसाठी जगभर गाजलेले कॉर्नेल विद्यापीठाचे तेव्हाचे प्राध्यापक ब्रायन वॅन्सिंक यांचे सहा लेख ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय समूहाच्या नियतकालिकांनी २०१८ मध्ये एकाच दिवशी मागे घेतले. २०२२ मध्ये तर नजचा परिणाम सरासरी किती, यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला, कारण फसलेले प्रयोग सहसा छापले जात नाहीत. म्हणून दुसरीकडे काय झालं त्यापेक्षा आपल्या मैदानावर काय होतं ते मोजा.

बदल करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद करा : सराव सुटल्यावर अर्ध्या तासात किती मुलांनी काहीतरी खाल्लं, आणि काय. मग एका वेळी एकच बदल. आधी फक्त हजेरीचा रकाना, तीन-चार आठवड्यांनी मैदानावरचं क्रेट, मग कॅन्टीन. सगळं एकदम केलंत तर कशाने काम केलं ते कळणार नाही, आणि पुढे पैसे कमी पडले की काय ठेवायचं तेही ठरवता येणार नाही. कुणी काय खाल्लं हे नावानिशी मोजू नका, क्रेटमध्ये काय उरलं ते मोजा. दुधाच्या बाटल्या रोज उरत असतील तर दूध थंड होतं का ते आधी पाहा, मुलांना दोष नंतर. मंगळवारीच उरत असतील तर मंगळवारचा सराव कधी सुटतो आणि बस कधी निघते, ते तपासा.

महिन्या-दोन महिन्यांत नव्याची नवलाई ओसरते आणि आकडे थोडे खाली येतात. तेव्हा तीनपैकी एक पर्याय बदला. कोणता जाणार आणि त्याच्या जागी काय येणार, याचं मतदान मुलांकडून घ्या, तुमच्या यादीतल्या पाच-सहा पदार्थांमधून. उरलेलं मोजायचं काम दर आठवड्याला वेगळ्या खेळाडूकडे सोपवा. मागच्या बाकावर बसणाऱ्या, कशातच भाग न घेणाऱ्या मुलापासून सुरुवात केलीत तर उत्तम.